आज कुलूप कुणाचं

२ नोव्हेंबर

वरचा एकशे सत्तर, खालचा एकशे दहा! कंपनीचा डॉक्टर म्हणाला, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तूर्तास नाव काढू नका. गोळ्या दिल्या. शिवाय रोज वीस मिनिटं ध्यान — मज्जासंस्था शांत व्हायला हवी म्हणे. सतराला पुन्हा तपासणी. आकडा उतरला नाही तर गोदामात बसून नटबोल्टांचे डबे लावायचे. बावीस वर्षं लिफ्टी दुरुस्त केल्यावर!

हिला सांगितलं तर हसायलाच लागली. तुम्ही आणि ध्यान? जेवताना धड दोन मिनिटं एका जागी बसत नाही.

३ नोव्हेंबर

पोरीने फोनवर एका बाईचा आवाज लावून दिला. डोळे मिटा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मिटले. लगेच खड्डा समोर. चार मिनिटांत उठलो, शर्ट घामाने ओला.

४ नोव्हेंबर

आज पाच मिनिटं. फरक शून्य.

५ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचायला येतंय!

आमच्या धंद्यात नियम साधा. जो खड्ड्यात उतरेल, त्याने आधी वर जाऊन मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. म्हणजे तो खाली असताना कुणी लिफ्ट चालू करूच शकत नाही. पण स्विच अकराव्या मजल्यावर आणि खड्डा तळाला. दोघांनी कशाला तंगडतोड करायची? म्हणून मी आणि लंबूने पाळ्या लावल्या. सम तारीख माझी, विषम त्याची. एकाचं कुलूप दोघांना पुरायचं. चौदा वर्षं जोडीने काम केलं, एकदा घोळ झाला नाही. साहेबाला कळलं असतं तर आमची धडगत नव्हती.

आठ ऑक्टोबरला मी उशिरा पोचलो. माझ्या पाळीचं कुलूप लंबूनेच लावलं. संध्याकाळी काम अर्धंच राहिलं, म्हणून स्विच बंदच ठेवून त्याने कुलूप काढलं आणि निघताना म्हणाला, "उद्याचं तुझं." मी मान हलवली.

नऊला सकाळी तारीख पाहिली — विषम. चौदा वर्षांची सवय. आज त्याचं, असं डोक्यात पक्कं बसलं. तो बिचारा माझ्या भरवशावर सरळ खाली उतरला. दुपारी मी वर गेलो. स्विचला कुलूप नाही. म्हणजे लंबू काम आटपून बाहेर आला, असं मी धरून चाललो. हाकही मारली नाही. स्विच टाकला.

कंबरेचं हाड मोडलं. डोक्याला मार. त्याला त्या दोन दिवसांतलं काहीच आठवत नाही.

माझं कुलूप माझ्या पिशवीत होतं. अजून तिथेच आहे.

६ नोव्हेंबर

चौकशी कधीच झाली. निष्कर्ष: खड्ड्यात उतरणाऱ्याने कुलूप लावलं नाही, चूक त्याची. मी वर होतो, मला कुणी काही विचारलं नाही. आणि मी तरी कुठे तोंड उघडलं?

अठराला शेवटचा कागद. लंबू कामावरून कमी. साक्षीदार म्हणून खाली माझी सही.

८ नोव्हेंबर

घरात तीन खोल्या. कुठेही बसलो तरी समोर भिंतच. शेवटी कपाट आणि पलंगाच्या मधल्या चिंचोळ्या फटीत चटई टाकली. आमच्या इमारतीची लिफ्ट वापरत नाही, पाच मजले चालत चढतो. खालचा रखवालदार दात काढतो — लिफ्टवालाच जिन्याने!

ही डोकावून म्हणाली, ध्यान करताय की तोंड लपवताय? गमतीने म्हणाली. मी मात्र असा खेकसलो की ती गेली ती दिवसभर बोलली नाही.

१० नोव्हेंबर

लंबूकडे गेलो. एवढा सहा फुटी माणूस, पलंगावर नुसती फळी टाकल्यासारखा पडलाय. वहिनी म्हणाल्या, अपघातापासून सलग तासभरही झोपलेले नाहीत. माझं ध्यान ऐकून त्याला हुरूप आला. मलाही शिकव म्हणाला.

शेजारी बसलो. डोळे मिटायला लावले. त्या बाईच्याच चालीत विचारलं, काय दिसतंय?

"तारीख दिसते. नऊ. विषम. माझीच पाळी होती ना रे? मी विसरलो कसा?"

मी म्हणालो, "श्वास सोड. सहा मोज."

असं म्हणालो मी! जीभ झडली कशी नाही माझी.

११ नोव्हेंबर

बसलो नाही.

१३ नोव्हेंबर

वीस मिनिटं पूर्ण. खड्डा दिसला, मी मोजत राहिलो, हळूहळू पुसट झाला. बाई म्हणते, विचार येतील, येऊ द्या, जाऊ द्या. जाऊ दिला. नंतर भरपेट जेवलो. हिच्याशी हसून बोललो.

बरं वाटलं याचीच भीती वाटते आहे.

१५ नोव्हेंबर

नाडी बहात्तर.

१७ नोव्हेंबर

वरचा एकशे अठ्ठावीस, खालचा चौऱ्याऐंशी. डॉक्टरने पाठ थोपटली, म्हणाला, तुमच्यासारखे पेशंट मिळायला हवेत. पोरीने गळ्यात हात टाकले. ही म्हणाली, सुटलो बाई एकदाचे.

कुठे सुटलो? लंबू तिकडे छताकडे बघत स्वतःची चूक शोधतोय. जी त्याने केलेलीच नाही. आणि मी इकडे श्वास मोजून मोजून गुटगुटीत शांत झालो. माझी मलाच शिसारी आली. आज पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. ही म्हणाली, हे कशाला इथे? म्हटलं, असू दे.

१८ नोव्हेंबर

सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं — त्या दिवशीची पाळी माझी होती. साहेबाने दोनदा वाचलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी बसलो नाही. तडक लंबूकडे.

आठ तारखेपासून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो." माझ्याकडे बघितलं नाही. तोंड भिंतीकडे वळवलं. मी तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने घोरायला लागला.

वहिनी दारात उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "चाळीस दिवसांत पहिल्यांदा झोपलेत. आता तुम्ही जा. आणि परत येऊ नका."