मास्तरांसाठी सुधारलेला आवाज

३ मार्च, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी गाठलं. संडे स्कूलचे जुने मास्तर अंथरुणाला खिळलेत. डोळे गेले, कानही जवळजवळ गेले. रोज अर्धा तास शास्त्र वाचून दाखवायला माणूस हवा, आणि मास्तरांनी म्हणे माझंच नाव घेतलं. देवाचं पाचारण समजा, म्हणाले. मी म्हणालो, माझी लायकी नाही. अगदी नम्रपणे म्हणालो. बायबलातला मोशेसुद्धा देवाला आधी नाहीच म्हणाला होता. म्हणजे सुरुवात चांगली झाली.

४ मार्च
लायकी का नाही, यावर विचार. एकच दोष सापडला. आवाज. पंप दुरुस्तीच्या दुकानात मोटारी घरघरतात, ओरडावंच लागतं. पण मी घरीही मीठ मागितलं की शेजारी दचकतात. अशा तोंडाने पवित्र वचन? छे. आधी आवाज सुधारणार, मग जाणार. मुदत आठ दिवस.

५ मार्च, सकाळी ९
आजपासून मृदू बोलणे.

९.२०
गिऱ्हाइकाने पाण्याशिवाय पंप चालवला, सील जाळलं, वर मलाच दोष. ओरडलो. आजचा दिवस धरायचा नाही.

८ मार्च
बायकोकडे हळूच चहा मागितला. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला. प्रगती आहे.
मास्तरांच्या मुलीचा फोन. बाबा रोज विचारतात म्हणाली. तयारी चालू आहे, असं सांगितलं. तिने फोनच ठेवला. माझी तळमळ पटली असावी.

१२ मार्च
काल स्पॅनर सापडेना म्हणून बायकोवर ओरडलो. स्पॅनर माझ्याच खिशात. मुदत वाढवली. घाईगर्दीची सेवा देवाला काय कामाची?
आरशासमोर तेविसावं स्तोत्र वाचलं. इतकं हळू, की मलाच गहिवरून आलं. बायको म्हणाली, तिकडे माणूस चाललाय आणि तुमची रंगीत तालीम संपेना. तिला अध्यात्मातलं कळत नाही.

१७ मार्च, संध्याकाळ
गेलो. मास्तर एवढेसे झालेत. खाटेजवळ बसून लोण्यासारख्या आवाजात अख्खं स्तोत्र वाचलं. एकदाही अडखळलो नाही. संपल्यावर मास्तरांनी मुलीला विचारलं, पंपवाला अजून आला नाही का गं?
ती त्यांच्या कानाशी वाकली. मी खुणेनेच थांबवलं. मीच तो, हे सांगायला जीभ उचलेना. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, आमचा कोणाचाच आवाज त्यांना पोचत नाही. बाबा म्हणतात, दुकानातून ओरडायचा तो मला रस्त्यापलीकडे ऐकू यायचा, त्यालाच बोलवा.
देवाला माझ्यातलं जे हवं होतं, तेच मी चौदा दिवस घासून काढत होतो. लाज वाटते. उद्या दुकान बंद. छप्पर उडेल असं वाचणार.

१८ मार्च
आठला पोचलो. खाट उभी करून भिंतीला लावलेली. मास्तर पहाटेच गेले.
मुलीने विचारलं, आता तरी वाचता का? पुस्तक उघडलं. आवाज फुटेना. शेवटी पाळकसाहेबांनी वाचलं.
घरी येऊन बायकोला सांगितलं, मास्तर गेले. ती म्हणाली, जरा मोठ्याने बोला, काही ऐकू आलं नाही.