जिन्याखालचा फळा

घोडपदेव, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. आमच्या चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या सूचना, एवढंच माझं प्रदर्शन. आर्ट गॅलरीवाल्या बाईंना मोबाइलमधले फोटो दाखवले. पाण्याची वेळ, हरवलेली किल्ली, आणि पप्पा गेल्याची सूचना. बाई म्हणाल्या, "पप्पांचीच ठेव. भिंतभर लिही आणि वरून वार्निश मार, कायमची राहील."

कायमची? पप्पांचा जलदानविधी झाला त्या संध्याकाळी आईने स्वतः ओल्या फडक्याने फळा पुसला होता. आमच्याकडे गेलेल्याची सूचना घरचंच माणूस पुसतं, दुसरं कुणी हात लावत नाही. हे सांगितलं तर बाई म्हणतात, पुसल्यावर विकायचं काय? वार्निश म्हणे.

आईला सांगितलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "पुसायचंच असतं गं ते. नाहीतर माणूस रोज जिन्याखाली मरत राहतो."

मग मी का ऐकून घेतलं त्या बाईंचं?

ठरलं. भिंतीवर खडूनेच लिहीन. खाली बादली आणि ओलं फडकं. उद्घाटनाला फीत नको, आई येईल आणि सगळ्यांसमोर पुसेल.

बाईंनी मग रिकामी भिंत विकावी.