ताटाला जवाब

गुरुवार, संध्याकाळ. थाटीपूर.

विनय घरी आलाय. आतल्या खोलीत चहा पितोय. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

काल सिंध नदी अचानक चढली. तो ज्या गावात शाळामास्तर आहे तिथे घरं मोजकीच, तीही शेतांमधून विखुरलेली. हाक पोचत नाही, म्हणून पाणी वाढलं की ताट वाजवतात. शेजारच्या घराने ताट वाजवून जवाब दिला की मगच आपण निघायचं.

विनयने ते ताट ऐकलं होतं! पण इकडे शहरात ताट वाजतं ते मुलगा झाल्यावर. याला वाटलं, कुणाला तरी मुलगा झाला. आणि हा खुशाल वह्या तपासत बसला. काय म्हणावं या माझ्या नवऱ्याला?

बाकी सगळे उंचावरच्या देवळाकडे निघाले. शेजारच्या रामदेई काकी तेवढ्या थांबल्या, कारण याचा जवाब आला नव्हता. गुडघाभर पाण्यातून त्या याच्या दाराशी आल्या आणि ओरडल्या, "मास्टरजी, जवाब काहे नहीं दिया?"

मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. आज दिवा लावताना देवाच्या आधी त्यांचंच नाव तोंडात आलं.

पाणी ओसरलं की तो परत जाणारच. त्याच्या खोलीत ताटच नाही, डब्यातच जेवतो! म्हणून आईचं पितळी ताट काढलं, चिंचेने घासलं आणि आवाज बघायला लाटण्याने वाजवलं. खणखणीत आहे.

आतून लगेच कपावर चमचा वाजला.

मी उगीचच पुन्हा वाजवलं. पुन्हा चमचा.