दर दोन किलोमीटरला पाणी

समा, बडोदे
रविवार, २० नोव्हेंबर २००५

चि. अविनाश,

आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझी तब्येत विचारत नाही. पेपरातल्या फोटोत बरा दिसतोस.

गेल्या वर्षी १२ डिसेंबरला, रविवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, करजणच्या धर्मशाळेच्या ओट्यावर तू चारचौघांत माझा हात झटकलास आणि म्हणालास, "ताई, बाजूला हो. हे टेलिफोन एक्स्चेंज नाही." वेळ पक्की सांगते, ती माझ्या एक्स्चेंजवरच्या नोकरीची सवय, आणि तुझ्या धावेचं ते भलंमोठं घड्याळ माझ्या समोरच होतं. त्याबद्दल तू आजवर एक शब्द लिहिलेला नाहीस. म्हणून मी लिहिते आहे.

तुझं निमंत्रण पोचलं. कागद उत्तम, छपाई उत्तम, पाणी विकणाऱ्या कंपनीचं नाव आपल्या पणजोबांच्या नावापेक्षा मोठं. यंदा ११ डिसेंबरला धाव. खाली लिहिलंय, "या वर्षी दर किलोमीटरला पाण्याची सोय." मागच्या वर्षी दर दोन किलोमीटरला होती.

आधी वाटलं, फोन करावा. पण फोनवर तू प्राध्यापक होतोस आणि मी म्हातारी होते. कागदावर तसं होत नाही.

आपल्या घरात पळणं हे शर्यतीसाठी नव्हतं, हे तुला नव्याने सांगायला नको, पण तू ते विसरल्यासारखा वागतोस. पणजोबा सरकारी जासूद. बडोद्याचा खलिता पळत करजणला पोचवायचा, ही त्यांची नोकरी. वाटेत दोन घरं ठरलेली, एक मकरपुऱ्याला, एक पोर गावी. तिथे लोटीभर पाणी मिळायचं. दिलेलं पाणी नाकारायचं नाही आणि लोटी थेंबही न ठेवता रिकामी करून परत द्यायची. नाकारलं तर त्या घराचा अपमान. अजूनही दांडिया बाजारातून धाव सुटताना हंबीरकाका आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाकडून हे मारुतीसमोर वदवून घेतात. तू म्हटलंस, मी म्हटलं, तुझ्या दोन्ही मुलींनी म्हटलं.

मग तू धावपटूंच्या आरोग्यावरच्या अमेरिकेतल्या परिषदेला जाऊन आलास. "तहानेवर विसंबू नका, तहान लागली म्हणजे उशीर झाला," हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणू शकेन. शास्त्राशी माझं वैर नाही. पण दोन घरांच्या जागी तू टेबलांची रांग लावलीस आणि प्रत्येक टेबलावर लोटीऐवजी बाटली ठेवलीस. बाहेरून आलेली मुलं दोन घोट घेऊन बाटली रस्त्याकडेला फेकत होती. आपले पुरुष इतके जोरात पळाले की निम्म्या टेबलांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तुझी थोरली, संयोगिता, हळू पळायची. ती थांबायची, पाणी देणाऱ्याला नमस्कार करायची, बाटली संपवायची.

कंडारीच्या टेबलावर मी बसले होते. आली तेव्हा हसत होती, पण चेहरा फुगलेला. मला हात दाखवून म्हणाली, "आत्या, बघ ना, साखरपुड्याची अंगठी रुतलीय. लग्नाआधीच जाडी झाले. सासूबाई परत पाठवतील."

मी म्हटलं, "पाठवू देत, मला सोबत होईल. पोट कसं आहे?"

"डुचमळतंय."

"मग ही बाटली ठेव खाली."

"नाही गं. दिलेलं आहे. आणि बाबांचं टेबल आहे."

प्यायली. पूर्ण. रिकामी बाटली दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली, लोटी द्यावी तशी.

मी जीपने करजणला पोचले. ती आली आणि ओट्यावर कोसळली. ओकली. मला ओळखेना, मला "मॅडम" म्हणाली. मी तुला सांगत होते, तिचे हात बघ, अंगठी बघ, सुकलेल्या माणसाची बोटं सुजत नाहीत. तेव्हाच तू मला बाजूला व्हायला सांगितलंस आणि तिच्या तोंडाला पुन्हा बाटली लावलीस.

अविनाश, डिसेंबर होता. मी स्वेटर घालून बसले होते. तू सगळ्यांना सांगितलंस की ऊन लागलं.

रात्री दवाखान्यात तो तरुण डॉक्टर तुला अदबीने म्हणाला, "सर, आमां पाणी ओछुं नथी, वधारे छे." पाणी कमी पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. रक्तातलं मीठ पातळ होऊन मेंदूला सूज आली होती. तू त्याला म्हणालास, "मने ना शीखवो," मला शिकवू नका. मी तुझ्याशेजारी उभी होते. पहाटे ती गेली.

बघ, हे एक वाक्य लिहायला मला अख्खा कागद लागला.

त्यानंतर मी वाचनालयात बसून वाचलं. शाळेतल्या नन्सनी तेवढं इंग्रजी शिकवलंय. ज्यांच्याकडून तू शिकून आलास तेच आता लिहितात की संथ पळणाऱ्याने तहान नसताना पीत राहू नये, जीव जातो. तुझ्याकडे ती मासिकं माझ्या आधी येतात. तू हे मुद्दाम केलंस असं मी कधी म्हणणार नाही, कोणाला म्हणूही देणार नाही. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.

मी गप्प राहिले असते. आई नसलेल्या दोन मुली तू वाढवल्यास, त्यातली एक गेली, आणखी तुला काय बोलायचं? पण परवा अवनी आली होती. सतरा वर्षांची आहे, पण बसली होती साठीच्या बाईसारखी. म्हणाली, "आत्या, मी यंदा धावणार. एकही टेबल सोडणार नाही. रोज सराव करते, पाण्याचासुद्धा."

मी विचारलं, "पाण्याचा कसला सराव?"

"बाबा म्हणतात, ताईने पाणी टाळलं म्हणून ती गेली. त्यांचं ऐकलं नाही तिने."

तुझ्या थोरल्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं नसतं, तर आज ती तिच्या सासरी असती. तिने एकही बाटली परत केली नाही. मेलेल्या मुलीला तू अवज्ञेचा डाग लावलास, आणि धाकटी तो पुसायला निघाली आहे, बाटली बाटली करून.

मला माफी नको. त्या ओट्यावरच्या गोष्टीची तर मुळीच नको, ते मी सुरुवातीला लिहिलं कारण कुठून तरी सुरुवात करायची होती. मला हवं आहे ते असं. तू स्वतःच्या अक्षरात अवनीला लिही, की ताई प्रत्येक टेबलावर थांबली, प्रत्येक बाटली प्यायली आणि त्यानेच गेली. हंबीरकाकांना लिही, की मारुतीसमोर यंदा ते वदवून घेऊ नका, पळणाऱ्याला नको म्हणायची मोकळीक द्या. टेबलं दोन ठेव. कंपनीला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

अवनीला मीही सांगू शकते. पण माझ्याकडून ऐकलं तर ती तुझ्याकडे पुन्हा कधी पाहणार नाही. तुझ्याकडून ऐकलं तर कदाचित पाहील.

दोन्ही पत्रं गेली एवढं मला लेखी कळव. बुधवार, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत. फोन उचलणार नाही. सहा वाजता मी रिक्षा करून तुझ्या घरी निघेन, आणि दार अवनीने उघडलं तर तुझी वाट पाहणार नाही.

दोघींची आत्या,
निरुपमा