चलथाणच्या यार्डातला तारा

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. सुरतेतल्या लिंबायतच्या तुमच्या खोलीतला ओटा मात्र उघड्या डोळ्यांनीही दिसतो. स्टोव्हशेजारी पिठाचा डबा, डब्यावर रेडिओ, आणि रेडिओतून दिल्लीहून येणारा वेळेचा इशारा, सेकंदामागून सेकंद, टिक्, टिक्. मी तेव्हा आपल्याच शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. ज्या बाईंनी मला नववीत विज्ञान शिकवलं, त्यांच्याच शेजारी आता स्टाफरूममध्ये बसायचं, या संकोचानं मी खुर्चीच्या कडेवर टेकायचे. तुम्ही एकदा म्हणालात, "नीट बैस. खुर्ची तुझी आहे." आणि त्याच संध्याकाळी मला घरी बोलावून त्या लघुग्रहाबद्दल सांगितलंत.

तो इतका मंद होता की आपल्या दुर्बिणींतून दिसणारच नव्हता. त्याची कक्षा ठाऊक होती, पण ढोबळ. आज रात्री तो आकाशात नेमका कुठं आहे, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. पण पावसाळा सरता सरता तो मकर राशीतल्या एका ताऱ्यासमोरून जाईल आणि काही सेकंद त्याला झाकेल, असं पुण्याच्या एका संशोधकांनी तुम्हाला पत्रानं कळवलं होतं. तारा आपल्याला दिसतो. तो कुठून विझलेला दिसला, कुठून नाही, आणि कोणत्या क्षणी, एवढं मिळालं की न दिसणाऱ्या लघुग्रहाची जागा पक्की होते. सावलीची वाट सुरतेवरून जाईल की थोडी पूर्वेकडून, याची खात्री नव्हती. म्हणून तुम्ही शाळेच्या गच्चीवर आणि मी चलथाणला, माझ्या भावाकडे, असं आपलं ठरलं. तो तिथल्या साखर कारखान्यात फिटर होता.

तुम्ही मला किती घोकून घेतलंत. खोलीत अंधार करून तुम्ही विजेरी पेटवायचात, मध्येच तिच्यावर हात धरायचात, आणि मी "गेला" म्हणायचं. हात काढला की "आला". टेपरेकॉर्डरवर रेडिओची टिकटिक आणि माझा आवाज दोन्ही उतरायचे. एकदा तुम्ही हात धरलाच नाही आणि मी "गेला" म्हणून मोकळी झाले. तुम्ही दिवा लावलात. रागावलात तरी तुमचा आवाज चढत नसे. "तू वाट बघून बोलतेस, तारा बघून नाही. जे व्हायला हवंय ते माणसाला आधी दिसतं. ते बोलायचं नाही." मी मान खाली घातली. मग तुम्ही भाकरी थापायला बसलात आणि मला पहिली, पापुद्रा सुटलेली दिलीत.

आणि मग साथ आली. आधी नुसती कुजबुज होती, नंतर प्लेग हा शब्द लोक तोंडावरचा रुमाल न काढता बोलू लागले. औषधांच्या दुकानांतून गोळ्या संपल्या. ज्या गल्लीत लूमच्या खडखडाटात शेजारणीशी ओरडून बोलावं लागायचं, तिथं आता दूरच्या घरातलं भांडं पडलेलं ऐकू येई. सचिन गावातल्या ज्या प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, माझा नवरा कामाला होता, त्यालाही कुलूप लागलं. तो घरी आला आणि चप्पल न काढताच म्हणाला, "उद्याच्या गाडीनं गावी जायचं. अर्धी वस्ती रिकामी झालीय." आमची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. सासूबाईंनी तिला कडेवरून खाली ठेवायचंच सोडलं होतं. "आठे नको थांबू माय, गावले चाल," असं त्या मला दर थोड्या वेळानं सांगत, जणू मी नाहीच म्हणते आहे. तारा झाकला जायचा होता तो दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीनंतर.

सकाळी मी चलथाणसाठी दिलेली तुमची छोटी दुर्बीण परत करायला आले. तुम्ही दार उघडलं नाहीत. खिडकीशी आलात, अंगावर चादर, डोळे लाल, आणि मधूनमधून खोकत होतात. "तिथंच थांब. आत येऊ नकोस." मी म्हणाले, "बाई, दवाखान्यात चला." तुम्ही म्हणालात, "उद्या जाते." मी दुर्बीण उंबऱ्याशी ठेवली. म्हणाले, आम्ही दुपारच्या गाडीनं निघतोय, घरचे थांबायला तयार नाहीत, पोरगी लहान आहे. तुम्ही खिडकीतून दुर्बिणीकडे बघितलंत. मग विचारलंत, "गाडी चलथाणला थांबते ना?"

एवढंच. मी दुर्बीण उचलली.

उधना स्टेशनवरची ती दुपार मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. माणसं खिडक्यांतून आत शिरत होती, पेट्या डोक्यांवरून जात होत्या, कुणी खोकलं की आजूबाजूची गर्दी जागच्या जागी आक्रसायची. आम्ही संडासाजवळ कसेबसे उभे राहिलो. गाडी सुटल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मी चलथाणला उतरते, उद्याच्या गाडीनं येते. त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो म्हणाला, "अगं, पोर आहे." मी म्हटलं, "तुमच्याजवळ आहे ना." सासूबाईंनी तोंड फिरवलं. चलथाण आलं तेव्हा मी लोकांच्या पायांवरून, मांड्यांवरून उतरले. नवऱ्यानं दाराशी येऊन आधी दुर्बीण दिली, मग तिचा स्टँड, मग आमचा घरचा रेडिओ आणि टेप बांधलेली पिशवी. गाडी हलली तरी मुलगी माझ्याकडे झेप घेत होती. शेवटी त्यानं आमच्या सगळ्यांसाठी बांधून घेतलेला डबाही माझ्या हातात कोंबला. मला आजवर तो कशासाठी रागावला, कशासाठी नाही, हे पुरतं कळलेलं नाही, पण त्या डब्याखातर मी त्याच्याशी कधी भांडण वाढवलं नाही.

भावाच्या क्वार्टरपर्यंत मला जाता आलं नाही. फाटकाशीच त्याच्या शेजाऱ्यांनी अडवलं. "सुरतथी आव्यां छो? तो बहार ज रेहजो." भाऊ मध्ये पडला, हात जोडले, पण चारपाच जण काठ्या घेऊन उभे होते. त्यांच्याही घरांत लेकरं होती. मी म्हटलं, मी आत येतच नाही. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून उसाच्या गाड्या लागतात ते यार्ड मोकळं पडलं होतं. तिथं एका बैल सोडलेल्या गाडीवर मी रेडिओ आणि टेप ठेवला. भाऊ लांबून कंदील धरून उभा. अंधार पडला तसे दक्षिणेकडून ढग सरकत आले. मकर कधी दिसे, कधी नाही. मी नकाशावरून ताऱ्यामागून तारा जात आपल्या ताऱ्याशी पोचले आणि ढगानं तो पुसला. पुन्हा शोधला. रेडिओवर टिकटिक चालू, पण मला तिच्यामागे तुमचा खोकलाच ऐकू येत होता. तुम्ही त्या तापात गच्चीचा जिना चढला असाल का? चढून तिथंच पडला असाल तर? वस्तीत उचलायला कोण उरलं होतं?

भाऊ लांबून म्हणाला, "बंद कर ना आता. ढगच आहेत." मी डोळा दुर्बिणीला लावूनच ठेवला. ढगाला एक फट पडली. तारा तिथं आहे. पिवळसर, थरथरता. मी पापणी न हलवता बघते आहे, डोळ्यात पाणी येतं आहे, आणि मनात तुमचंच वाक्य, वाट बघून बोलायचं नाही. आणि तो नाही. हळूहळू मावळला नाही, फुंकर मारल्यासारखाही नाही. होता, आणि तिथं काळं आहे. माझ्या तोंडून "गेला" आलं. ते काही सेकंद मी श्वास घेतला नाही. मग तो पूर्वीसारखाच तिथं होता. "आला," मी म्हटलं, आणि तिथंच मातीत बसले.

दुसऱ्या दिवशीची गाडी थांबलीच नाही. मी ट्रकनं, मग एसटीनं आमचं गाव, नंदुरबार, गाठलं. मुलगी मला बघून आधी आजीच्या पदरात शिरली. शाळा उघडल्यावर परतले ती सरळ तुमच्याकडे. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पुढं पाऊल टाकवेना. पण दार उघडं होतं. तुम्ही वाळून काडी झाला होतात, आणि चहा गाळत होतात. "मलेरिया होता," म्हणालात, जणू माझा धडा राहिलाय आणि तो पुरा करायचाय. मग तुमची टेप लावलीत. टिकटिक, खोकला, आणि सारखा एकच शब्द: आहे. आहे. आहे. तुमच्या गच्चीवरून तारा विझलाच नव्हता. मी तुमच्याकडे बघायचं टाळलं. तुम्ही माझी टेप लावलीत, पुन्हा लावलीत. "तुझा 'गेला' जरा उशिराच असणार," म्हणालात. "पण खरा आहे." आणि मग हसलात. सावलीची कड तुमच्या आणि माझ्या मधून कुठून तरी गेली होती. पुढं पुण्याहून कळलं की कक्षा त्यावरून सुधारली, आणि पुढच्या वर्षी तो जिथं असायला हवा होता तिथंच सापडला.

तुम्ही नंतर निवृत्त होऊन अमरावतीला भाच्याकडे गेलात, आणि तिथंच वारलात. मला फोनवर कळलं. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. माझ्या हाताखाली तरुण शिक्षिका आहेत, त्यांचीही लहान मुलं आहेत. हे सगळं लिहून झालं, आता कागद घडी करून कपाटात जाईल, म्हणून एक गोष्ट सांगते, जी समोर असताना सांगितली नसती. त्या सकाळी खिडकीशी मी असते आणि बाहेर त्यांतली एखादी असती, तर मी तिला म्हटलं असतं, "पोरीला घेऊन जा. कुठंही उतरू नकोस." मग तो तारा विझलेला कुणीच पाहिला नसता. हे ठाऊक असूनही मी तेच म्हटलं असतं, बाई.