जॉब ट्रेडवेल कधी जन्मला?

२८ फेब्रुवारी १८९७
आज दुपारी जज ट्रेडवेलच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी तोंड उघडलं आणि तिथून सगळं फिरलं.

सहा आठवडे त्यांची वंशावळ जुळवतोय. त्यांच्या मुलीची, ऑलिव्हची, होणारी सासू मिसेस गेलॉर्ड — तिला सून हवी ती इंग्लंडहून कनेटिकटात पहिल्यांदा आलेल्यांच्या सरळ रक्ताची. ऑलिव्हवर जीव माझा, आणि तिच्याच लग्नासाठी पुरावे गोळा करतोय मी! गाढव.

मांस कापता कापता जज म्हणाले, "कॉलेज अर्ध्यावर टाकलंस, हे तरी पुरं करशील ना रे?" मिसेस गेलॉर्ड फिस्सकन हसली. डोकंच फिरलं. वही उघडून वाचलं — जजच्या पणजोबांचा पणजा गर्शम, त्याचं लग्न चर्चच्या वहीत एप्रिल १६९०. त्याचा थोरला मुलगा जॉब, ज्याच्यापासून हे सगळे ट्रेडवेल, गावाच्या जन्मनोंदीत फेब्रुवारी १६९०. "लग्नाआधी दोन महिने! रक्त कुणाचं, देव जाणे!"

"आमच्या घरच्या बायबलात जॉबचा जन्म १६९१ लिहिलाय," ऑलिव्ह म्हणाली.

"मागाहून कुणीतरी सारवलंय!"

नंतर आलेल्या गोडाला कुणी हात लावला नाही.

६ मार्च
गेलॉर्डांनी लग्न मोडलं. नाचायला हवं. अंगात त्राण नाही.

११ मार्च
ऑलिव्ह पुलावर भेटली. "बाबा चर्चलाही जात नाहीत. आता मला विचारणारा तूच उरलास, ॲसा." मी लग्नाचं विचारलं. हो म्हणाली! हो! हसली मात्र नाही.

घरी येऊन बुटांसकट पडून राहिलो.

१६ मार्च
आणलेल्या जुन्या नोंदवह्या परत करायला गावाच्या कचेरीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस ह्युलेटनी माझी टिपणं चाळली आणि कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, तेव्हा वर्ष बदलायचं पंचवीस मार्चला! एप्रिल नव्वदनंतर जो फेब्रुवारी आला, तोही नव्वदच. पोर लग्नानंतर दहा महिन्यांनी झालं. बायबलात मागाहून लिहिणाऱ्यानं आपल्या आजच्या, जानेवारीच्या हिशोबानं लिहिलं, इतकंच. कॉलेजात शिकवत नाहीत हे?"

"शिकवत असतील. मी तोवर निघालो होतो."

मग म्हणालो, कुणाला सांगू नका.

"मी कशाला सांगू? घाण तू केलीस."

१७ मार्च
आठ वाजलेत. मी गप्प बसलो तर कुणाला कधीच कळणार नाही, आणि ऑलिव्ह माझी.

दोन्ही नोंदींच्या नकला खिशात आहेत. जजकडे निघालोय. दार बहुतेक तीच उघडेल — काय बोलायचं, ठरवलेलं नाही. टोपी घातली. आमचं दार ओढून घेतो.