पुन्हा काढा

शनिवार, संध्याकाळ

विज्ञान जत्रेतून आत्ताच आले. साडीही बदललेली नाही, आधी हे लिहून टाकते.

जुळे सोलापुरातल्या हॉलमध्ये शास्त्रज्ञ बायकांचं दालन होतं. मधोमध काचेत सुरेखाचं कॉलेजातलं प्रॅक्टिकलचं जर्नल. तेव्हा आम्ही दोघी एकाच टेबलावर असायचो. उघडं पान कांद्याच्या पेशींचं. वेड्यावाकड्या पेशी, एक तर फाटकीच! खाली सरांचा लाल शेरा, ‘पुन्हा काढा’. माझ्या त्याच आकृतीला दहापैकी दहा होते. मग काचेत हिचं का?

तेवढ्यात सुरेखा आली, सत्काराची शाल खांद्यावर तशीच. भोवतीच्या मुलींना म्हणाली, "ही माझी मैत्रीण. हिचं जर्नल उतरवायला अख्खा वर्ग मागायचा." चांगलंच बोलली. तेच सहन होईना.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पेशी अशा वाकड्या का हो?"

"तशाच दिसल्या की मला," सुरेखा म्हणाली.

तशाच दिसल्या! मी पुस्तकात बघून काढल्या होत्या, विटा रचल्यासारख्या. "अगं, एकदा बघ तरी," म्हणून ती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला सरकली होती. मी म्हटलं, वेळ नाही, नावं द्यायची राहिलीत.

शालीवर नाही जळत मी. शाल काय, कुणालाही घालतात.

आज सकाळी शाळेत वह्या तपासताना आठवीतल्या एकीच्या वाकड्या पेशींवर मीही लाल पेननं तेच लिहिलं, ‘पुन्हा काढा’. तिला काय दिसलं होतं, ते विचारलंच नाही.